पिको-८ वापरून पाहिलं: दुसऱ्यांचे गेम उघडून शिकायचं असेल तर हेच घ्या

गेम बनवायचाय पण प्रोग्रामिंग येत नाही, सुरुवात कशाने करू, असं कुणी विचारलं की मी सध्या एकच नाव सांगते, पिको-८, गेम बनवायचं एक छोटं सॉफ्टवेअर. हे काही नवीन नाही, लेक्सालॉफल गेम्सच्या जोसेफ व्हाइट यांनी बनवलेलं आणि २०१५ पासून लोक वापरतायत, पण नवशिक्यांपर्यंत हे नाव पोचतच नाही. सगळे थेट युनिटी नाहीतर गोडो ही गेम बनवायची मोठी इंजिनं इन्स्टॉल करायला सांगतात. दोन्ही उत्तमच आहेत, पण पहिल्या दिवशी समोर इतके मेनू आणि पॅनेल येतात की गेम राहतो बाजूला आणि माणूस सॉफ्टवेअरच शिकत बसतो.

तर पिको-८ म्हणजे काय, तर कधी बनलाच नाही असा एक जुन्या काळातला गेम कन्सोल, फक्त सॉफ्टवेअरच्या रूपात. स्क्रीन १२८ बाय १२८ पिक्सेल, ठरवून दिलेले १६ रंग, आवाजाचे ४ चॅनेल, खेळायला ६ बटणं. कोड लुआ या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहायचा. कोड, स्प्राइट (गेममधली छोटी चित्रं), मॅप, साउंड इफेक्ट आणि म्युझिक असे पाचही एडिटर त्याच खिडकीत, कंट्रोल आर दाबलं की गेम चालू, दोनदा एस्केप दाबलं की परत कोडवर. कोडमध्ये एक आकडा बदलला आणि त्याचा परिणाम लगेच स्क्रीनवर दिसला, हे शिकणाऱ्यासाठी फार मोठं आहे, कारण मग आपण आकडे बदलून बघायला घाबरत नाही.

पण मला यातलं सगळ्यात आवडलेलं वेगळंच आहे. इथे बनवलेल्या गेमला कार्ट म्हणतात आणि कार्ट शेअर करतात ते चक्क एका छोट्या पीएनजी चित्राच्या रूपात, त्या चित्राच्या पिक्सेलमध्येच अख्खा गेम भरलेला असतो, कोडसकट. आतच स्प्लोअर नावाचा ब्राउझर आहे, त्यातून कुणाचाही गेम उतरवा, खेळा, आणि खेळता खेळता गेम थांबवून एडिटरमध्ये या, पूर्ण कोड, सगळी चित्रं, सगळं म्युझिक समोर उघडं. ट्यूटोरियलमध्ये शिकवणारा त्याला सोपं वाटेल तेच दाखवतो, इथे मात्र पूर्ण झालेला, लोकांनी खेळलेला गेम आतून बघायला मिळतो.

उदाहरण देते. सेलेस्ट हा गेम २०१८ मध्ये आला आणि गाजला, पण त्याचं मूळ रूप मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी पिको-८ वर चार दिवसांत बनवलं होतं. ते कार्ट उघडून खेळाडूचा कोड वाचा. त्यात ग्रेस नावाचा एक व्हेरिएबल (म्हणजे नाव दिलेला, बदलत राहणारा आकडा) आहे, खेळाडू जमिनीवर असला की त्याची किंमत ६ होते आणि पाय जमिनीवरून सुटला की दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवर नवं चित्र काढलं जाईल तसं, एकने कमी होत जाते, आणि ती शून्याच्या वर असेपर्यंत उडी मारता येते! म्हणजे कड्यावरून पुढे गेल्यावरही ५-६ फ्रेम, गेम सेकंदाला ३० फ्रेमने चालतो म्हणजे पाव सेकंदापेक्षाही कमी वेळ, उडीचं बटण ऐकलं जातं. त्याच्या शेजारीच जमिनीला टेकायच्या जरा आधी बटण दाबलं असेल तर ते ४ फ्रेम लक्षात ठेवायची सोय आहे. आता तो ६ चा आकडा १ करा आणि परत खेळा, तोच गेम एकदम खडूस वाटायला लागतो, उडी मारली तरी मारली जात नाही असं वाटतं. कंट्रोल छान आहेत असं आपण म्हणतो ना, ते नेमकं कशामुळे हे मला या दोन आकड्यांनी जेवढं समजलं तेवढं कुठल्या व्हिडिओने समजलं नाही.

स्वतः लिहायला घेतलं की इनिट, अपडेट आणि ड्रॉ अशी तीन फंक्शन्स, बास. सुरुवातीला एकदा काय करायचं, दर फ्रेमला हिशोब काय करायचा आणि दर फ्रेमला काढायचं काय. कुठलाही गेम मुळात असाच चालतो, मोठ्या इंजिनमध्येही हेच आत कुठेतरी चाललेलं असतं फक्त ते झाकलेलं असतं. भिंतीला धडकणं हे नवशिक्याला कायम अवघड जातं, त्याची इथली पद्धत फारच सुटसुटीत आहे: प्रत्येक स्प्राइटला ८ छोटे फ्लॅग, म्हणजे चालू-बंद करता येतील अशा खुणा, असतात, विटेच्या स्प्राइटचा पहिला फ्लॅग लावून ठेवायचा, मग खेळाडू जिथे जाणारे त्या जागेचे एक्स वाय आठने भागून मॅपवर कुठली टाइल आहे ते विचारायचं आणि तिचा फ्लॅग लागलेला असेल तर जाऊ द्यायचं नाही. दोन ओळींत भिंत तयार.

मर्यादांबद्दल लोक खूप बोलतात. अख्ख्या गेमला ८१९२ टोकन, टोकन म्हणजे ढोबळमानाने कोडमधला एकेक शब्द, आकडा किंवा चिन्ह, कॉमेंट मोजत नाहीत. पहिल्या काही गेमला हे भरपूर पुरतं आणि गेम आपोआप आटोपशीर राहतो, त्यामुळे तो पूर्ण होतो, हे खरंच आहे. पण कुणी सांगत नाही ते मी सांगते, टोकन संपत आले की कोड घाण व्हायला लागतो. अख्खी स्ट्रिंग, म्हणजे कोडमध्ये अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर, कितीही लांब असली तरी एकच टोकन धरतात, म्हणून लोक लेव्हलची, शत्रूंची सगळी माहिती एका लांबलचक स्ट्रिंगमध्ये कोंबतात आणि चालवताना तोडून घेतात. कसब म्हणून भारी आहे, शिकणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये. तिथपर्यंत पोचलात तर समजा गोडोकडे जायची वेळ झाली.

अजून काही गोष्टी खटकतात. आतल्या एडिटरचा फाँट फारच बारीक आणि एका वेळी थोड्याच ओळी दिसतात, मोठा कोड लिहिताना डोकं दुखतं (पी-८ फाइल साधी टेक्स्ट असते, ती बाहेरच्या एडिटरमध्ये उघडता येते, मी तेच करते). नीट डिबगर, म्हणजे कोडमधल्या चुका शोधायचं साधन, नाही. गेम थांबवून कमांड लाइनवर व्हेरिएबल बघता येतात, बदलता येतात, रिझ्यूम लिहिलं की गेम तिथून पुढे चालू होतो, नुसता टिंब टाइप केला तर एकच फ्रेम पुढे जातो, यावर बरंच भागतं पण सवय व्हायला वेळ लागतो. आणि आकड्यांचं लक्षात ठेवा, इथे आकडा ३२७६७ च्या थोडासाच वर जाऊ शकतो, त्यात एक मिळवला की थेट उणे ३२७६८, त्यामुळे स्कोअर हजारांनी वाढवायची हौस असेल तर आधीच विचार करा. स्प्राइटशीटचा (सगळे स्प्राइट असतात त्या मोठ्या चित्राचा) खालचा अर्धा भाग आणि मॅपचा खालचा अर्धा भाग मेमरीत एकच आहेत हेही आधी माहीत असावं, नाहीतर मॅप काढता काढता चित्रांवर रेघोट्या उमटतात आणि कारण सापडत नाही.

म्युझिकबद्दल फार लिहीत नाही, ते मला अजून नीट जमत नाही, पण साउंड इफेक्टच्या एडिटरमध्ये माउसने रेघ ओढली की उडीचा आवाज तयार होतो आणि ते करताना लहान मुलं अगदी रमून जातात हे पाहिलंय.

पूर्ण गेम ब्राउझरसाठी एक्स्पोर्ट होतो, मोबाइलवर उघडला तर स्क्रीनवरच बटणं येतात, विंडोज, मॅक, लिनक्स आणि रास्पबेरी पायसाठीही निघतो. थ्रीडी करायचंय किंवा मोबाइलच्या स्टोअरवर गेम विकायचाय असा हेतू असेल तर हे घेऊ नका, उगाच चिडचिड होईल. मुख्य सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं, पण ब्राउझरमध्ये चालणारी एज्युकेशन एडिशन मोफत आहे, आधी तीच उघडा. विकत घेतलंत तर पहिली कमांड इन्स्टॉल अंडरस्कोर डेमोज अशी द्या, नमुन्याची कार्ट मिळतात, त्यातलं जेल्पी उघडा आणि एकेक आकडा बदलत बसा, स्वतःचा गेम दुसऱ्या दिवशी सुरू केला तरी चालेल.