नायगारा : पुलाच्या अलीकडे राहायचं की पलीकडे?

मुलांकडे अमेरिकेत आलेल्या आई-बाबांच्या यादीत नायगारा असतोच. आणि जायचं ठरलं की कोणीतरी हमखास सांगतं, "अमेरिकेकडून बघू नका हो, तिकडून नुसती पाठ दिसते. खरा नायगारा कॅनडातून." आम्हीही हे ऐकून होतो. पण आई-बाबांकडे कॅनडाचा व्हिसा नव्हता, म्हणून पाठ तर पाठ म्हणत न्यू जर्सीहून सात तास गाडी हाकली आणि अमेरिकेच्याच बाजूला मुक्काम केला. पुढच्या वर्षी मी आणि बायको टोरांटोहून पलीकडची बाजूही बघून आलो. त्यामुळे आता सल्ला द्यायला मोकळा.

गावं दोन आहेत आणि नाव एकच : नायगारा फॉल्स. एक न्यूयॉर्क राज्यात, दुसरं कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात. मधे नदी आणि नदीवर १९४१ साली सुरू झालेला रेनबो ब्रिज. त्याच्या आधीचा पूल जानेवारी १९३८ मध्ये बर्फाच्या रेट्याने कोसळला. त्याला लोक हनीमून ब्रिज म्हणत, म्हणजे इथे कोण यायचं ते कळलंच. धबधबे तीन. घोड्याच्या नालेच्या आकाराचा, सुमारे ५७ मीटर उंचीचा हॉर्सशू बराचसा कॅनडाच्या हद्दीत आहे. अमेरिकन फॉल्स आणि छोटा ब्रायडल व्हेल हे दोन्ही पूर्ण अमेरिकेचे, पण त्यांचं तोंड कॅनडाकडे. घर आपलं आणि दर्शनी भाग शेजाऱ्याच्या अंगणातून दिसायचा, तशी गत.

दोन्ही गावांची सुरुवात सारखीच झाली. एकोणिसाव्या शतकात काठावरच्या जागा खासगी मालकांच्या. कुंपणं घालून, पैसे घेऊन पाणी दाखवायचा धंदा. त्याविरुद्ध अमेरिकेत चळवळ झाली. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणारे फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड तिच्यात पुढे होते. १८८५ मध्ये राज्याने काठावरची जमीन ताब्यात घेऊन उद्यान केलं. देशातलं सर्वात जुनं स्टेट पार्क ते हेच, आणि आजही आत शिरायला तिकीट नाही, फक्त पार्किंगचे पैसे. कॅनडानेही त्याच वर्षी पार्क कमिशन नेमलं आणि १८८८ मध्ये उद्यान खुलं केलं. इथपर्यंत बरोबरी.

वाटा फुटल्या त्या विजेमुळे. १८९५ मध्ये अमेरिकेच्या बाजूला संशोधक निकोला टेस्लाच्या एसी (प्रत्यावर्ती विजेच्या) पद्धतीवर चालणारं वीजघर सुरू झालं, पुढच्या वर्षी वीज जवळच्या बफेलो शहरापर्यंत पोचली. स्वस्त विजेमागे रसायनांचे आणि धातूंचे कारखाने आले, गाव फुगलं. १९६० च्या जनगणनेत वस्ती १,०२,३९४ होती. २०२० मध्ये ती ४८,६७१ उरली. कारखाने गेले, मागे कचरा राहिला. लव्ह कॅनॉल नावाच्या अर्धवट खणलेल्या कालव्यात रासायनिक कचरा पुरला होता. १९५३ मध्ये ती जमीन एका डॉलरला शाळा मंडळाला विकली गेली. तिथे शाळा झाली, आजूबाजूला घरं झाली आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. विषारी जागांच्या सफाईचा अमेरिकेचा १९८० चा कायदा आला, त्यामागे हे प्रकरण मोठं होतं. (घाबरू नका, ही जागा धबधब्यापासून बरीच लांब आहे.) पण आजही उद्यानातून दोन गल्ल्या मागे गेलात की रिकामे प्लॉट आणि ओस दुकानं दिसतात, त्याचं मूळ या इतिहासात आहे.

पलीकडेही वीज होते, पण तिथल्या गावाने पाहुण्यांवरच भिस्त ठेवली. नदीकाठी बागेचा पट्टा, मागे उंच हॉटेलं, १९६५ चा स्कायलॉन टॉवर, कॅसिनो आणि क्लिफ्टन हिल नावाची जत्रा : पाळणा, मेणाचे पुतळे, भूतबंगले. मला स्वतःला ती अर्ध्या तासात पुरे झाली. मुलं बरोबर असतील तर मात्र पाकीट जपा.

बोटीसाठी बाजू निवडू नका. इकडे निळे रेनकोट, तिकडे लाल, कंपन्या वेगळ्या, बोट जाते त्याच हॉर्सशूच्या पोटात.

फरक पडतो तो काठावर. कॅनडाच्या काठावरून तिन्ही धबधबे एका नजरेत मावतात. खोलीच्या खिडकीतूनही दिसतात, आणि रात्रीचे रंगीत दिवे तर तिकडच्याच काठावरून सोडतात. वरात गॅलरीतून बघावी तसं. अमेरिकेकडे तुम्ही वरातीत असता. ल्यूना आयलंडवर एका हाताला अमेरिकन फॉल्स, दुसऱ्या हाताला ब्रायडल व्हेल, आणि पाणी कठड्यापासून इतकं जवळ की आईने बाबांचा शर्ट मागून मुठीत धरून ठेवला होता. केव्ह ऑफ द विंड्सला लिफ्टने दरीत उतरवतात, पायात सँडल देतात आणि लाकडी जिन्यांवरून ब्रायडल व्हेलपासून सहा-सात मीटरवर नेऊन उभं करतात. गुडघे दुखणाऱ्यांनी वरचे टप्पे सोडले तरी चालतं. आई खालच्याच फलाटावर थांबली आणि तिथेही चिंब भिजली. हे जिने दर हिवाळ्याआधी काढून वसंतात पुन्हा बांधतात, नाहीतर बर्फ ते मोडून टाकेल. थंडीत बोटीही बंद. म्हणून डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर कॅनडाच बरा, तिथला हॉर्सशूमागचा बोगदा तेव्हाही चालू असतो.

आता व्हिसा. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असला तरी कॅनडाचा वेगळा लागतो, आणि परतायला अमेरिकेचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा हवा. ग्रीन कार्डवाल्यांना पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. एच-वनवर (अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर) असून पासपोर्टमधल्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय पूल ओलांडू नका. व्हिसा आहे आणि दोन रात्री आहेत? पलीकडे राहा, एक सकाळ अलीकडे काढा. नुसता एक दिवस असेल किंवा व्हिसा नसेल, तर चुटपुट नको, अमेरिकेकडेच जा. जेवणाची तर काळजीच नको, उद्यानाबाहेर डोसा-छोल्यांचे इतके बोर्ड आहेत की बाबांना दादरला आल्यासारखं वाटलं.

एक वेळापत्रक तेवढं लक्षात ठेवा. दोन देशांच्या १९५० च्या करारानुसार एप्रिल ते मध्य सप्टेंबर सकाळी ८ ते रात्री १० धबधब्यावरून सेकंदाला किमान २,८३२ घनमीटर पाणी सोडावं लागतं. मध्य सप्टेंबरपासून ऑक्टोबरअखेर रात्री ८ पर्यंतच. बाकी वेळी निम्म्यावर भागतं, उरलेलं विजेला जातं. "म्हणजे रात्री नळ बंद करतात," बाबा म्हणाले, आणि दहा वाजून गेले तरी कठड्याशी उभे राहून पाणी कमी होतंय का बघत राहिले. मला तरी काही फरक कळला नाही. आईला झोप आली होती. "आपल्याकडे पाणी गेलं की लगेच कळतं," ती म्हणाली, "चला आता."