सीएस२१०३टी: सिंगापूरच्या विद्यापीठातील सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम

नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरमध्ये, म्हणजे एनयूएसमध्ये, संगणकशास्त्राला प्रवेश घेतला की सीएस२१०३टी हा विषय वाट्याला येतोच. काम फार असते, ही त्याची ख्याती खरी आहे. तरीही पदवीच्या काळात मी घेतलेल्या विषयांपैकी नोकरीत सर्वाधिक कामी आलेला विषय हाच, असे मी खात्रीने सांगेन.

सत्र १३ आठवड्यांचे असते. सुरुवातीला प्रत्येकाने एकट्याने जावा भाषेत एक छोटा चॅटबॉट टप्प्याटप्प्याने उभा करायचा आणि हात बसला की साधारण पाच जणांच्या संघात मुख्य प्रकल्पाला लागायचे. हा प्रकल्प कोऱ्या पाटीवर सुरू होत नाही, ही या अभ्यासक्रमाची सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे. ॲड्रेसबुक-लेव्हल३ नावाचा, माणसांची नावे व संपर्क साठवणारा, सुमारे ६,००० ओळींचा तयार प्रोग्रॅम हाती दिला जातो. तो वाचायचा, समजून घ्यायचा आणि त्यातूनच स्वतःचे वेगळे उत्पादन घडवायचे. कंपनीत रुजू झाल्यावर पहिले कित्येक महिने दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमध्येच जातात, त्यामुळे ही तयारी अगदी योग्य जागी होते.

संघातले प्रत्येक काम गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर पुल रिक्वेस्टच्या, म्हणजे 'माझा बदल सामील करा' अशा विनंतीच्या, वाटेने जाते, सहकारी ते तपासतो, आणि कोणत्या ओळी कोणी लिहिल्या हे रेपोसेन्स या साधनावर सर्वांना दिसते. गटप्रकल्पात एकाने राबायचे आणि गुण सर्वांनी घ्यायचे, या जुन्या दुखण्यावर इतका सरळ उपाय मी अन्यत्र पाहिलेला नाही.

खरी कसोटी लागते ती सत्राच्या अखेरच्या प्रात्यक्षिक परीक्षेत. तिथे प्रत्येकाला दुसऱ्या संघाचे उत्पादन दिले जाते. ठरलेल्या वेळात त्यातले दोष शोधून, त्यांची तीव्रता ठरवून, नोंदवायचे असतात, आणि मग मूळ संघ प्रत्येक नोंद मान्य करतो किंवा कारण देऊन नाकारतो. उदाहरणार्थ, मूळ ॲड्रेसबुक प्रोग्रॅममध्ये 'एन/' लिहून नाव आणि 'पी/' लिहून फोन क्रमांक द्यावा लागतो, आणि नावात अक्षरे, अंक व मोकळी जागा एवढेच चालते. सिंगापूरमधल्या अनेक तमिळ माणसांच्या नावात मात्र 'अमक्याचा मुलगा' या अर्थाने 'एस/ओ' असते. ती तिरपी रेघ टंकित केली की प्रोग्रॅम नाव नाकारतो. प्रोग्रॅमच्या चाचण्या सगळ्या हिरव्या, म्हणजे यशस्वी, असूनही खऱ्या माणसाचे नाव साठवता येत नाही, हे अशा एका नोंदीतून जसे कळते, तसे ते व्याख्यानातून कळत नाही. वापरपुस्तिकेतल्या चुकाही दोष म्हणूनच धरल्या जातात, त्यामुळे लिहिण्यातली हयगय तिथे खपत नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. प्रकल्पात डेटाबेस प्रणाली वापरता येत नाही, दूरच्या सर्व्हरवर अवलंबून राहता येत नाही, आणि उत्पादन टंकलेखनाने वेगाने चालवणाऱ्यांसाठीच असावे लागते. संघांची न्याय्य तुलना व्हावी म्हणून ही बंधने मला पटतात, पण वेब ॲप शिकण्याच्या अपेक्षेने येणाऱ्याची निराशा होईल. शिवाय सोबत सीएस२१०१ हा लेखन व सादरीकरणाचा विषय जोडलेला असतो, म्हणून त्या सत्रात दुसरा जड विषय घेऊ नये. संघ करताना हुशारीपेक्षा वेळापत्रक जुळते का, हे आधी पाहावे.

पुण्या-नागपुरात अंतिम वर्षाचा प्रकल्प करणाऱ्यांनाही याचा लाभ घेता येईल, कारण अभ्यासक्रमाचे संकेतस्थळ, त्यातले पाठ्यपुस्तक आणि ॲड्रेसबुकचे कोड हे सारे विनामूल्य खुले आहे. दुसऱ्या संघाकडून होणारी तपासणी तेवढी घरबसल्या मिळत नाही. ती हवी असेल तर आपल्याच वर्गातल्या एखाद्या गटाशी बोलून एकमेकांचे प्रकल्प तपासायचे ठरवावे, आणि तेही सादरीकरणाच्या निदान दोन आठवडे आधी.