पावणेबारा तासांचे एक लाख साठ हजार सातशे

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ‘पण गेले किती?’ असं मनात राहायला नको. ₹१,६०,७००, सिंगापूरला विमान बदलतानाच्या थांब्यासाठी एका एजंटने घेतलेले. माणसं अठरा, सगळी साठीच्या पुढची, आणि त्यांचा म्होरक्या मी. ज्याला हसायचं असेल त्याने इथेच हसून घ्यावं. आमच्या घरात हसून झालंय.

राहतो नाशिकरोडला. प्रेसमधून रिटायर. नोटांची नव्हे, दुसरी. तुमच्या कपाटातला पासपोर्ट जिथे छापला जातो ती. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची चौदा तपासणीत. केसाएवढी रेघ सरकली, शाई उडाली, कुठे पांढरा ठिपका राहिला की शीट बाजूला. हे बढाई म्हणून सांगत नाही. माझी खरी लाज तिथेच आहे, ती पुढे येईल.

आमचा सकाळी फिरणाऱ्यांचा ग्रुप आहे, जेलरोड-उपनगरचा. तिघांची मुलं ऑस्ट्रेलियात. सगळ्यांनी मिळून एकदा जाऊन येऊ असं ठरलं आणि ‘यांना फॉर्म भरता येतात’ या एका गुणावर लीडरकी माझ्या गळ्यात पडली. तिकिटं विमान कंपनीच्या साइटवरून काढली. अठरा जणांचे ऑस्ट्रेलियाचे व्हिसा मी आणि आमच्या सूनबाईंनी रात्री बसून भरले, एकही परत आला नाही. तिकडची राहण्याची सोय मुलांनी केली. म्हणजे अवघड ते सगळं आम्ही घरी केलं आणि सोपं तेवढं बाहेर दिलं. सिंगापूरला थांबा होता: सकाळी सव्वासातला उतरायचं, संध्याकाळी सातला सिडनीचं विमान.

बिटकोच्या बाजूला एका कॉम्प्लेक्समध्ये हा एजंट बसायचा. बोर्डावर आयफेल टॉवर, टेबलावर गणपती, बोलणं असं की तूप गळावं. ‘काका, पावणेबारा तास बाकड्यावर काढणार? काकूंच्या गुडघ्यांचं काय? शहर दाखवून आणतो ना.’ त्याने कागदावर मांडून दिलं: सिंगापूरचा ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे मधल्या थांब्यापुरता, माणशी ₹३,४५०, अरायव्हल कार्ड, म्हणजे पोचण्याआधी भरायचा फॉर्म, माणशी ₹८५०, गाइडसह सिटी टूर आणि इंडियन लंच माणशी ₹४,९००. वर म्हणाला, ‘काका, तुम्ही लीडर. तुमची टूर आमच्याकडून कॉम्प्लिमेंटरी.’

मला बरं वाटलं, कशाला खोटं बोलू. रिटायर माणसाला कोणी लीडर म्हटलं की बरं वाटतं.

एक लाख यूपीआयने गेले, बाकीचे ₹६०,७०० रोख. यूपीआय करताना स्क्रीनवर कंपनीचं नाव येईना, भलत्याच माणसाचं आलं. ‘मेव्हण्याचं खातं आहे, आमच्या खात्याचं लिमिट संपलं आज.’ बोट अर्धं मिनिट बटणावर थांबलं होतं, मग दाबलं. पक्की पावती मागितली तर ‘टूर झाली की जीएसटीसकट देतो’. आता कोणी म्हणेल, इतकं दिसत असताना दिलेत कसे? दिले. मागे सतरा माणसं रोज सकाळी ‘झालं का बुकिंग?’ विचारत होती, म्हणून दिले.

निघायच्या चार दिवस आधी व्हाउचरची पीडीएफ आली. तीन पानं, वर रंगीत पट्टी, बुकिंग नंबर, तारीख, अठरा नावं. सूनबाईंनी प्रिंट काढून आणली आणि जेवणं झाल्यावर ट्यूबलाइटखाली मी ती ओळ न् ओळ तपासली. नावांची स्पेलिंगं तपासली. पासपोर्ट नंबर तपासले. शेजारी आमची ही चवळीच्या शेंगा निवडत होती. तिने सहज मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाली, ‘अहो, हे इथे पांढरं काय राहिलंय?’

मथळ्यात मोठ्या अक्षरांत ‘सिंगापूर टूर’ असं होतं आणि त्याच्या आधी एक पांढरा चौकोन. पट्टी फिकट निळी, चौकोन पांढराशुभ्र. कडा सरळ कापलेल्या, बरोब्बर एका शब्दाच्या मापाचा. प्रेसमध्ये असं शीट आलं असतं तर मशिन थांबवून मी माणसाला वर बोलावलं असतं. आणि घरात मी काय म्हणालो? ‘पीडीएफ अशाच असतात, तुला नाही कळायचं.’

तिला कळलं होतं. चौदा वर्षं तपासणीत काढलेल्याला कळलं नव्हतं. हे वाक्य मी गेले कित्येक महिने रोज स्वतःला ऐकवतोय.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरलो. अण्णांची औषधं, मावशींची व्हीलचेअर, दोघांचे बाथरूम, सगळं सांभाळत त्या टूरच्या काउंटरपाशी पोचलो. तिथे बोर्ड होता. ‘सिंगापूर टूर’ हे दोन शब्द आणि त्यांच्या आधी तो तिसरा, जो माझ्या व्हाउचरवर झाकला होता.

फ्री.

साडेपाच ते चोवीस तास थांबणाऱ्या ट्रान्झिट प्रवाशांना ते विमानतळावरून शहर फुकट फिरवून आणतात. अडीचेक तासांची टूर, जेवण वगैरे काही नाही. आधी ऑनलाइन नाव नोंदवता येतं, उरलेल्या जागा काउंटरवर पहिला येईल त्याला. काउंटरवरच्या मुलीने माझा कागद दोनदा पाहिला आणि फार सौम्यपणे सांगितलं की हा नंबर दुसऱ्याच कोणाचा, जुन्या तारखेचा आहे, आणि याला पैसे लागत नाहीत. तिने ‘नो चार्ज, सर’ म्हटलं ते मागे उभ्या असलेल्या सतराही जणांनी ऐकलं. इंग्रजी न येणाऱ्या मावशींनासुद्धा तेवढं कळलं.

दुपारच्या फेरीत सहा जागा शिल्लक होत्या. वयाने मोठे सहा जण पाठवले. राहिलेले आम्ही बारा जण इमिग्रेशनला गेलो आणि तिथे दुसरी थोबाडीत बसली. आमचा ‘ट्रान्झिट व्हिसा’ म्हणे सिस्टिममध्ये होता, त्याला कागद लागत नाही असं एजंटने सांगितलं होतं. अधिकाऱ्याने विचारलं फक्त ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आणि पुढचं तिकीट. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जपान अशा काही देशांचा चालू व्हिसा असेल आणि सिंगापुरातून पुढे तिसऱ्या देशात जाणार असाल तर भारतीयांना ९६ तासांपर्यंत तिथे व्हिसाशिवाय थांबता येतं. अठरा जणांचे ₹६२,१०० कशाचे घेतले? अस्तित्वातच नसलेल्या कागदाचे. कोणी ट्रान्झिट व्हिसाचे पैसे मागितले तर आधी हातात असलेले व्हिसा मोजा, आणि नियम त्या देशाच्या सरकारी साइटवर वाचा, एजंटच्या तोंडून नाही.

अरायव्हल कार्ड मात्र त्याने खरंच भरलं होतं, सतरा जणांचं. आमच्या हिचंच राहिलं होतं. मी तिथेच कोपऱ्यात मोबाइलवर भरलं. पाच मिनिटं लागली, पैसे शून्य. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत इमिग्रेशनच्या साइटवर ते फुकट भरता येतं. पैसे मागणारी साइट दिसली की ती खोटी समजा. आणि पास ई-मेलवर येतो, पासपोर्टवर शिक्कासुद्धा उमटत नाही. ज्या पानांसाठी आयुष्य घालवलं ती कोरीच परत आली.

विमानतळाला लागूनच असलेल्या ज्वेल मॉलमधला तो चाळीस मीटरचा धबधबा पाहिला. जगातला सगळ्यात उंच घरातला धबधबा म्हणे. मला त्यातलं फक्त पाणी पडताना दिसत होतं. बारा जणांचं जेवण माझ्या कार्डवर, ११८ सिंगापूर डॉलर. कोणी काही बोललं नाही. फक्त निवृत्त हेडमास्तरांनी भाताचा घास घेता घेता विचारलं, ‘तुम्ही टूरचे किती भरले होते हो?’

मी भरलेच नव्हते. मी कॉम्प्लिमेंटरी होतो! तो एक शब्द मला ₹१,६०,७०० पेक्षा महाग पडला. ग्रुप नेणाऱ्याने एजंटकडून चहासुद्धा फुकट पिऊ नये. सवलत हवीच असेल तर सगळ्यांसमोर घ्या आणि सगळ्यांत वाटा.

परत आल्यावर एजंटकडे गेलो. पळून गेला नव्हता, जागेवर होता, एसी चालू. ‘काका, तो आमचा सर्व्हिस चार्ज होता. सहा जण फिरले ना?’ नंतर ‘माणुसकी’ म्हणून दोन वेळा मिळून ₹२५,००० दिले. तेवढ्यावर लिहून मागत होता की तक्रार नाही. लिहून दिलं नाही. ते एक शहाणपण सुचलं.

मग सुरू झाली दुसरी टूर, तिला गाइड नव्हता. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी ‘साहेब कुंभमेळ्याच्या बैठकीत’. दुसऱ्या दिवशीही. कुंभमेळा २०२७ चा, बैठका आत्तापासून. मान्य, पण अर्ज घ्यायला साहेब कशाला लागतो? तिसऱ्या दिवशी हवालदाराने अर्ज वाचला आणि म्हणाला, ‘यूपीआयने दिलेत ना? मग सायबरला जा.’ सायबरवाल्यांनी विचारलं, ‘दुकानात जाऊन दिलेत ना? मग तुमच्या ठाण्यात जा.’ परत ठाण्यात. ‘हा आपसातला व्यवहार आहे आजोबा, कोर्टात जा.’ मी म्हटलं, चारशेवीस लागत नाही का? तर तिथला तरुण पोरगा हसून म्हणाला, ‘ते आता ३१८ झालं.’ झालं ना? मग ते लावा! कलमाचा नंबर बदलला म्हणून फसवणूक कायदेशीर झाली का? बँकेत गेलो. तिथल्या बाईंनी खाली बघतच सांगितलं, ‘व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय.’ अहो, मी मंजूर केला म्हणूनच तर फसलो! पिन दुसऱ्याने टाकला असता तर त्याला चोरी म्हणाले असते. सहा चकरा, चार ठिकाणी झेरॉक्स, एकदा शिक्का मारलेली पोच, आणि तीही मी हट्ट धरून काउंटर सोडला नाही म्हणून.

माझी चूक एवढीच की वीस-बावीस दिवस उशीर झाला, कारण आम्ही ऑस्ट्रेलियात होतो. तुम्ही तसं करू नका. पैसे खात्यातून गेलेत आणि संशय आला तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, परदेशात असाल तर घरच्यांकडून लावून घ्या. तोंडी भांडण नंतर करा.

शेवटी ग्राहक आयोगात तक्रार केली. ऑनलाइन होते, आमच्या रकमेला फी नाही, दोन वर्षांच्या आत करावी लागते. वकील केला नाही. कागद लावायला बसलो तेव्हा नातवाने मोबाइलवर ती व्हाउचरची पीडीएफ उघडली, पांढऱ्या चौकोनावर बोट दाबून धरलं. खालचा शब्द निळा झाला. त्याने कॉपी करून मला व्हॉट्सॲपवर पाठवला. एकच शब्द, चार अक्षरांचं इंग्रजी स्पेलिंग. भिंग लागलं नाही, चौदा वर्षांचा अनुभव लागला नाही. कुठलीही पीडीएफ आली की आधी असं बोट दाबून बघा.

आता इस्तंबूलवरून जाणाऱ्यांसाठी एक. तिथली मोठी विमान कंपनीही सहा ते चोवीस तास थांबणाऱ्या आपल्या प्रवाशांना फुकट फिरवते, जेवणही घालते; व्हिसाचं ज्याचं त्याने बघायचं. तेही ‘स्पेशल पॅकेज’ म्हणून कोणीतरी विकत असणारच.

तक्रारीवर सतरा सह्या हव्या होत्या. चौदा झाल्या. दोघांनी ‘कशाला म्हातारपणी कोर्टकचेरी’ म्हणून सांगितलं. हेडमास्तर रोज सकाळी भेटतात, नमस्कार करतात, पेन विसरलो म्हणतात. उद्यापासून मी दोन पेनं घेऊन जाणार आहे.