सबस्क्रिप्शन घेतलं खरं, पण खाडा कोण धरणार?

मोबाइल गेमवर पैसे दोन प्रकारे जातात, वस्तूगणिक किंवा महिन्याच्या सबस्क्रिप्शनने, मी दोन्ही करून बघितले. वस्तू म्हणजे स्किन (पात्राचे कपडे वगैरे), आणि त्या घ्यायला कॉइन्स, म्हणजे खरे पैसे देऊन मिळणारं गेममधलं चलन. गेमचं नाव पण घेत नाही, शूटिंगवाला आहे, फुकट डाउनलोड होतो आणि मग आत गेल्यावर खिसा कापतो एवढं पुरे. गणपतीत त्यात एक छोटा इव्हेंट होता, भाच्याला त्यातलं एक जॅकेट पाहिजे होतं (मलापण), म्हणून यूपीआयने कॉइन्सचा पॅक घेतला. पैसे कटले, कॉइन्स नाही आले. सपोर्टला लिहिलं तर बॉट म्हणतो ॲप रिस्टार्ट करा, मग यूटीआर नंबर (पेमेंटचा व्यवहार क्रमांक) द्या, दिला, मग स्क्रीनशॉट द्या, तोपण दिला, मग परत तोच यूटीआर. हे होईतोवर कॉइन्स जमा झाले पण इव्हेंट संपला. रिफंड मागितला तर म्हणे कॉइन्स डिलिव्हर झालेत, तिकीट क्लोज. म्हणजे पैसे माझे, चालणार फक्त त्यांच्या दुकानात, आणि जे घ्यायचं होतं ते दुकानातून उचललेलं.

वस्तूगणिक पैसे ह्या प्रकारावर माझा राग किमतीमुळे नाहीये. एखादी गोष्ट शंभरची आहे, आवडली, घेतली, विषय संपला, असं असतं तर मी आजही तिथेच असतो. पण पॅकचे आकडे आणि वस्तूंचे आकडे कधी म्हणजे कधी जुळत नाहीत. दरवेळी थोडे कॉइन्स उरतात, ज्यात काहीच येत नाही, आणि ते उरलेले सारखे डोळ्यासमोर, की अजून एक छोटा पॅक घेतला तर हे वाया जाणार नाहीत. युरोपियन युनियनच्या ग्राहक संरक्षणवाल्यांनी मार्च २०२५ मध्ये ह्यावर तत्त्वं काढलीत, किंमत खऱ्या पैशात दाखवा आणि नको असलेले जादा कॉइन्स गळ्यात मारू नका. आपल्याकडे येईल तेव्हा खरं.

तर वैतागून सबस्क्रिप्शनवर गेलो, म्हणजे महिन्याला ठरलेली फी आणि त्यात बरेच गेम. ॲपल आर्केड २०१९ ला आणि गुगल प्ले पास २०२२ ला भारतात आले ते दोन्ही महिना ९९ रुपयाने, त्यामुळे हा साधारण भाव सगळ्यांच्या डोक्यात बसलाय. मी कुठलं घेतलं ते सांगत नाही, तो वादाचा मुद्दा नाही. सुरुवातीला भारी वाटलं. जाहिरात नाही, "एनर्जी संपली, चार तासांनी या" नाही, सहा महिने जो कोडीवाला गेम मी अडतअडत खेळायचो तोच इथे सरळ खेळता आला. घरातल्यांना शेअर करता येतं म्हणून भाच्यालाही दिलं. त्याने दोन दिवस बघितलं आणि म्हणाला, "मामा, गेम मस्तेत पण इथं माझे मित्र कुठेयत?" बरोबर आहे त्याचं. जॅकेट हे चार पोरांनी बघावं म्हणून असतं, एकट्याने कोडी सोडवताना जॅकेट घालून काय करणार. त्यामुळे तो परत तिकडेच गेला, मी राहिलो.

आणि मग मार्च आला. मी अकाउंट्समध्ये आहे, मार्चमध्ये जेवायला वेळ नसतो तर गेम कुठला, पूर्ण महिना ॲप उघडलं नाही आणि ९९ गेले. आता तुम्ही म्हणाल ९९ रुपयात काय येतं, एक वडापावचा राउंड. पण प्रश्न रकमेचा नाहीच. सदाशिव पेठेत मेसला होतो तेव्हा आदल्या दिवशी काकूंना सांगितलं की खाडा धरायच्या, महिन्याच्या शेवटी तेवढे पैसे वळते. एवढी मोठी टेक कंपनी, मी किती मिनिटं काय खेळलो ते तिला माझ्या बायकोपेक्षा जास्त माहिती, आणि खाडा धरता येत नाही? हे मी ऑफिसात इतक्यांदा बोललोय की लोक आता मलाच खाडा म्हणतात.

बरं, अशक्य आहे असंही नाही. चीनमध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम वर्षानुवर्षं मिनिटांवर चालायचा, ३० युआनला ४००० मिनिटं, म्हणजे सहासष्ट तासांच्या वर, खेळाल तेवढेच कापणार. बाकी जगात तोच गेम १५ डॉलर महिना, खेळा नाहीतर नका खेळू.

पण ह्याचीपण दुसरी बाजू निघाली. एओएल म्हणजे फोनलाइनवरून इंटरनेट देणारी अमेरिकन कंपनी, तिच्यावर १९९१ पासून नेव्हरविंटर नाइट्स नावाचा गेम होता, तो तासाच्या भावाने, लोकांची बिलं भयंकर यायची. डिसेंबर १९९६ ला एओएलने महिना १९.९५ डॉलरचा सपाट दर केला तर लोक लाइनच सोडेनात, बाकीच्यांना एंगेज टोन. पुढच्याच वर्षी अल्टिमा ऑनलाइन हा गेमही तसाच, ९.९५ डॉलर महिन्याने आला. हे वाचताना डोक्यात आलं की काकू खाडा धरतात कारण त्यांची एक वाटी भाजी वाचते, इथे मी नाही आलो तर कंपनीचं काहीच वाचत नाही, उलट न येणाऱ्यांच्या ९९ वर रोज सहा तास खेळणारे पोसले जातात. कळतं. पटत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे दोन्ही एकत्र. ईव्ह ऑनलाइन ह्या अंतराळातल्या गेमवाले दर महिन्याला पैसे घेत होतेच, वर २०११ मध्ये एक मोनोकल म्हणजे एका डोळ्याचा चष्मा काढला, साठ डॉलरच्या पुढे! लोकांनी गेममधल्या जिता नावाच्या बाजारात जाऊन पुतळ्यावर गोळ्या झाडल्या, मला वाचून फार बरं वाटलं.

मधेच एक, ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने सगळे गेम बंद झाले असं सोसायटीत पसरलंय ते चूक आहे, पैसे लावून खेळायचे गेम बंद झालेत, सबस्क्रिप्शन फीला कायद्यात परवानगी आहे.

आता सध्या काय करतो, तर खाडा माझा मीच धरतो. पैसे कटले की त्याच दिवशी कॅन्सल, महिना संपेपर्यंत चालतंच, पुढच्या महिन्यात वेळ असेल तर परत चालू, सेव्ह जागेवर असतात. आणि विसरलो तरी रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑटोपेचे पैसे कटायच्या चोवीस तास आधी मेसेज येतो, ऑक्टोबर २०२१ पासून हे आहे. ह्या सगळ्या प्रकरणात मला मनापासून आवडलेली एकमेव गोष्ट हीच, आणि ती गेमवाल्यांनी दिलेली नाही.

वार्षिक घ्या म्हणून सारखं पॉप-अप येतं. प्ले पासचे सुरुवातीचे दर धरले तर वर्षाचे ८८९, म्हणजे नऊ महिने खेळलात तर दोन रुपये वाचणार. माझे मार्च, एप्रिल, सप्टेंबरचं ऑडिट आणि दिवाळी जाऊन आठच भरतात, सो नाही घेणार.