किटोकोनॅझोल शॅम्पू: औषध म्हणून उत्तम, शॅम्पू म्हणून सुमार

औषधाच्या दुकानात मिळणारा २ टक्के किटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचा शॅम्पू कोंड्यावर खरंच काम करतो. "काहीच फरक नाही" म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी तो लावून लगेच धुतलेला असतो.

कोंडा अस्वच्छतेमुळे होत नाही. मालासेझिया ही बुरशी जवळपास प्रत्येक मोठ्या माणसाच्या डोक्यावर असते आणि त्वचेतून पाझरणाऱ्या तेलावर जगते. तेल फोडून झाल्यावर ओलेइक आम्लासारखी मेदाम्लं मागे उरतात. काहींच्या त्वचेला ती सोसत नाहीत. मग खाज सुटते, त्वचेच्या पेशी घाईने तयार होतात आणि सुट्या न गळता चिकटून खपल्या पडतात. किटोकोनॅझोल या बुरशीच्या पेशीचं आवरणच कच्चं ठेवतं, पण त्यासाठी ते त्वचेवर टिकायला हवं.

म्हणून केसांत तेल असेल तर आधी साध्या शॅम्पूने काढा. मग ओल्या केसांत ठिकठिकाणी भांग पाडत बोटांच्या पेरांनी हा औषधी शॅम्पू थेट त्वचेवर चोळा. केसांच्या टोकांना त्याचं काही काम नाही. ३ ते ५ मिनिटं थांबून धुवा. भुवया आणि नाकाच्या कडेला खपल्या असतील तर तोच फेस तिथेही लावा, डोळे मिटून. आठवड्यातून दोनदा, २ ते ४ आठवडे. नंतर आठवड्या-पंधरवड्यातून एकदा चालू ठेवा, कारण बुरशी कायमची जात नाही आणि पूर्ण थांबवलं की कोंडा बहुधा परततो. रात्रभर तेल चोपडून ठेवणं मात्र सोडा. खपल्या मऊ पडतात एवढंच, मूळ कारण तसंच राहतं.

खोट कुठे? केस रखरखीत होतात. कंडिशनर फक्त टोकांना लावावा. काही बाटल्यांत झिंक पायरिथिओन हे कोंड्यावरचं दुसरं औषधही मिसळलेलं असतं, तेव्हा लेबल वाचूनच घ्या.

प्रत्येक खपली म्हणजे कोंडा नव्हे. थंडीत पडणारा बारीक, कोरडा भुगा नुसत्या कोरडेपणाचाही असतो. केसांच्या रेषेबाहेर सरकलेले जाड, चंदेरी पापुद्रे सोरायसिस या त्वचारोगाचे असू शकतात. कलप लावल्यावर उठलेली खाज ॲलर्जीची असू शकते. आणि मुलाच्या डोक्यावर केस गळून चट्टा पडला असेल तर गजकर्णाची शंका घ्या. त्यावर पोटात घ्यायचं औषध लागतं, एकटा शॅम्पू पुरत नाही.