स्पिनिंग ड्रॉप टेन्सिओमीटर: आरपीएम नव्हे, त्रिज्या बघा

एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन वितळलेल्या पॉलिमरमधलं इंटरफेशियल टेन्शन, म्हणजे त्यांच्या सीमेवरचा ताण, मोजायला गरम कक्षाचा स्पिनिंग ड्रॉप टेन्सिओमीटर मनापासून सुचवावा असा आहे. फक्त निवडताना सगळं लक्ष आरपीएमकडे (मिनिटाला किती फेरे) जातं आणि चूक शिरते थेंबाच्या त्रिज्येतून.

काचेच्या नळीत जड पॉलिमर, त्याच्या पोटात हलक्याचा थेंब. नळी फिरली की थेंब अक्षावर लांबतो. लांबी व्यासाच्या चौपटीपुढे गेली की भौतिकशास्त्रज्ञ व्हॉनेगटचं 1942 चं सूत्र चालतं. ताण म्हणजे घनतेतला फरक, गुणिले कोनीय वेगाचा (फिरण्याच्या वेगाचा) वर्ग, गुणिले त्रिज्येचा घन, भागिले 4. घन आहे, म्हणून व्यासातली 3 टक्के चूक उत्तरात 9 टक्के होते. त्यात गोल नळी भिंगासारखी वागते: व्यास बाहेरच्या पॉलिमरच्या अपवर्तनांकाइतक्या (तो प्रकाश किती वाकवतो त्या आकड्याइतक्या) पटीनं फुगवून दाखवते, लांबी मात्र आहे तेवढीच. पॉलिस्टायरीनमध्ये हा फुगवटा दीडपटीहून जास्त. वितळलेल्या अवस्थेतला अपवर्तनांक भरायची सोय सॉफ्टवेअरमध्ये नसेल तर ते यंत्र घेऊ नये.

घनताही मोजणीच्याच तापमानाची हवी. पॉलिस्टायरीन आणि पॉलिइथिलीन यांच्यात 200 अंश सेल्सिअसला फरक साधारण 0.22 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर असतो. खोलीच्या तापमानाचे आकडे भरले तर तो जवळपास निम्म्यावर येतो, आणि उत्तरही. या जोडीचा ताण सुमारे 5 मिलिन्यूटन प्रति मीटर धरला, तर अर्ध्या मिलिमीटर त्रिज्येसाठी 8,000 आरपीएम पुरतात.

नमुना भरण्याचं काम किचकट. बाहेरच्या पॉलिमरची कांडी नळीत घट्ट बसेल अशी साच्यात दाबायची, मध्ये भोक पाडून थेंबाचा तुकडा ठेवायचा, सगळं आधी निर्वातात वाळवायचं. एखादा बुडबुडा राहिलाच तर सगळ्यात हलका म्हणून तो थेट अक्षावर येतो आणि थेंबाला चिकटतो. मग नळी नव्यानं भरावी लागते.

खरी परीक्षा धीराची. 10,000 पास्कल-सेकंद श्यानतेला (दाटपणाला) याच आकाराच्या थेंबाचा प्रतिसादकाळ 1,000 सेकंदांच्या घरात, म्हणजे स्थिरावायला तासभर तरी. वेग वाढवून आणि मग थोडा कमी करून, दोन्ही बाजूंनी मोजावं: लांबत असताना ताण जास्त दिसतो, आखडताना कमी. दोन्ही आकडे जुळले तरच विश्वास ठेवावा. तासांनंतरही थेंब लांबतच राहिला तर पॉलिमर जळतोय किंवा पॉलिमरच्या छोट्या साखळ्या सीमेवर गोळा होऊन ताण कमी करताहेत.

याहून दाट पॉलिमरसाठी हॉट स्टेज मायक्रोस्कोपखाली (नमुना गरम ठेवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) ताणलेला थेंब आखडताना बघणं बरं. थेंब 50 मायक्रॉन त्रिज्येचा, म्हणून काळ दहापट कमी, आणि घनता लागतच नाही. दोन्ही पॉलिमरच्या श्यानता मात्र अचूक हव्यात.