मॅनेजरशी बोलायचं, टीम बदलायची की सरळ पेपर टाकायचे?

गेल्या आठवड्यात टीममधला एक ज्युनिअर टपरीवर चहा पिताना म्हणाला, दादा, पेपर टाकतो आता, म्हणजे राजीनामाच देतो. त्याचं दुखणं खरंय. नोव्हेंबरात अमेरिकेची घड्याळं तासभर मागे गेली की न्यूयॉर्कचा सकाळी 10 चा कॉल आपल्याकडे संध्याकाळी साडेसातचा रात्री साडेआठला जातो, मग हिंजवडी फेज 3 मधून निघणार कधी आणि कोथरूडला घरी पोचून जेवणार कधी, आणि वर त्याचे पीआर, म्हणजे तपासून घ्यायला टाकलेले कोडमधले बदल, रिव्ह्यूविना दिवस दिवस पडून.

माझं मत विचाराल तर आधी मॅनेजरशी बोला. यात जातं काहीच नाही, फक्त तयारी लागते. माझेही पीआर असेच अडकायचे, तेव्हा मी 3 आठवडे साध्या वहीत तारखा लिहून ठेवल्या, पीआर कधी टाकला, पहिली कमेंट कधी आली. मग मॅनेजरसोबतच्या वन-ऑन-वनला, म्हणजे दोघांच्याच मीटिंगला, "तुम्ही माझं काम बघतच नाही" असं न म्हणता सांगितलं की 11 पीआर गेले, त्यातले 7 चार दिवसांपेक्षा जास्त पडून होते, सोमवारी आणि गुरुवारी सकाळी अर्धा तास फक्त रिव्ह्यूला ठेवूया का? ते मिनिटभर वहीकडे बघत राहिले, मग तिथेच कॅलेंडर उघडून स्लॉट टाकला. त्यांना आकडा माहीतच नव्हता हो! कॉलचंही तसंच, रोज सगळ्यांनी बसायची गरज असते का, आलटून पालटून चालेल का, हे कुणी विचारतच नाही.

पण मॅनेजरच सगळ्यांसमोर अपमान करत असेल तर हा रस्ता फार पुढे जात नाही, तिथे तारखांसकट मेल लिहून त्याच्या वरच्याकडे किंवा एचआरकडे जा. आणि लैंगिक छळाचा प्रकार असेल तर "बोलून बघ" हा सल्ला कुणीही देऊ नये. 2013 च्या पॉश कायद्यानुसार 10 किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती असावीच लागते, लेखी तक्रार साधारण 3 महिन्यांच्या आत करायची असते, म्हणून थांबू नका.

टीम बदलणं हा मधला रस्ता. नोटीस पिरियड नाही, पीएफला धक्का नाही, नोकरीची वर्षं तुटत नाहीत. अडचण एवढीच की बऱ्याच ठिकाणी सध्याच्या प्रोजेक्टवर ठरावीक महिने काढावे लागतात आणि सोडायचं की नाही हे त्याच मॅनेजरच्या हातात असतं. त्रास एका माणसाचा असेल तर हे उत्तम, पण क्लायंट तोच राहणार असेल तर रात्रीचे कॉलही तेच.

पेपर टाकायचेच असतील तर हातात ऑफर घेऊनच टाका, कारण 90 दिवसांचा नोटीस पिरियड असेल तर ते 3 महिने त्याच लोकांमध्ये काढायचे असतात. आणि नोकरीला साडेचार वर्षं झाली असतील तर जरा कॅलेंडर बघा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या रकमेला, साधारण 5 वर्षं लागतात, हिशोबात धरला जाणारा पगार 40,000 असेल तर 15 भागिले 26 च्या हिशोबाने (महिना 26 दिवसांचा धरून दर वर्षाला 15 दिवसांचा पगार) 5 वर्षांचे 1 लाख 15 हजारांच्या आसपास होतात, थोड्या महिन्यांसाठी एवढे पैसे सोडू नयेत असं मला मनापासून वाटतं. पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा, 5 वर्षांच्या आत काढला तर टॅक्स लागू शकतो. काउंटर ऑफर आली, म्हणजे थांबवायला आहे त्याच कंपनीने पगार वाढवून दिला, तर एकच बघा, पगार वाढेल पण साडेआठचा कॉल हलणारे का?

आमच्या त्या पोराला नोकरीत दीडच वर्ष झालंय, प्रोजेक्टही त्याला आवडतो, चिडलाय तो फक्त कॉल आणि रिव्ह्यूवर, म्हणून त्याला म्हटलं आधी 2 आठवडे तारखा लिही. सोमवारपासून लिहितोय, परवा येऊन वही दाखवून गेला, 4 पीआर, त्यातला एक 6 दिवस तसाच.